बारा नको, एक सांग

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. दिवाळी झाली की थेरपीला येणारे अर्धे पेशंट आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पोरांचे पाय पुन्हा आखडलेले. घरी करायच्या व्यायामांचा कागद देतेस, कुणी करत नाही. मग असं करून उपयोग काय? पुण्यात एका सेंटरमध्ये जागा आहे, जाऊ का? खाली त्या कागदाचा फोटो.

कागद मी लगेच ओळखला. माझाच आहे तो. 1997 साली एका रविवारी बसून काढलेला, बारा व्यायाम, बारा चित्रं. सात नंबरच्या चित्रात पोराला दोन्ही डावे पाय आहेत, बघ. झेरॉक्सची झेरॉक्स होत तो तुझ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत, म्हणजे लहान मुलांचं अपंगत्व लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रापर्यंत, कसा पोचला, देव जाणे. तुमची ही केंद्रं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आली, तो सुरू झाला 2013 ला. म्हणजे कागद केंद्रापेक्षा वयाने मोठा.

तो फाड. आधी फाड, मग पुढचं वाच.

तो कागद मी सगळ्यात आधी ज्यांना दिला त्यांतली एक बाई ऊसतोडीचीच होती. मुलगा साडेतीन वर्षांचा, स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे मुख्यतः दोन्ही पाय ताठर, उभं केलं की पायांची कात्री. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "म्याडम, ह्यातलं एक कोन्तं करू ते सांगा. समदं नाही होत माझ्याच्यानं." मी म्हणाले, सगळंच महत्त्वाचं आहे. पुढच्या महिन्यात ती आली नाही. मी केसपेपरवर लाल शाईने लिहिलं, 'पालक सहकार्य करत नाहीत'. दोन वर्षांनी अपंगत्वाच्या दाखल्याच्या शिबिरात ते पोर माझ्यासमोर आलं. गुडघे सरळ होईनात. आईने मला ओळखलं, हसून नमस्कार केला. मी मान खाली घालून कोन मोजत राहिले.

तिने प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर मला देता आलं नाही, कारण बारातलं एक निवडायचं तर आधी तिचा दिवस कसा जातो ते ठाऊक हवं, आणि ते मी विचारलंच नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी. पहाटे अंधारात फडात, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. अशा बाईला मी 'प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा' लिहून दिलं होतं! लाज वाटते अजून.

म्हणून सांगते, एकच गोष्ट दे. आणि तीही ती जे रोज करतेच त्यात बसवून दे. पुढे अशाच एका आईला मी विचारलं, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापताना पोर कुठं असतं? म्हणाली, मागं वाकळीवर लोळतं. मी म्हटलं, मग त्याच वाकळीची घट्ट गुंडाळी करायची, दोरीने बांधायची आणि त्याला घोड्यावर बसवतात तसं वर बसवायचं, पाय दोन्हीकडे, तळवे जमिनीला. शेवटची भाकरी होईपर्यंत. बाकी काही नाही. आपल्या ओपीडीतला रेक्झिनचा रोलर दुसरं काय करतो? एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा मांड्या सैल होत्या, आणि पोर हात न टेकता बसत होतं.

तू आठवड्यातून दोनदा अर्धा तास देतेस. आठवड्यात तास असतात 168. उरलेले 167 ज्या बाईच्या हातात आहेत तिला एक गोष्ट नीट करता आली पाहिजे. बारा दिलीस की ती शून्य करणार, वर अपराधी वाटून तुझं तोंड चुकवणार.

आयांना त्यांचा दिवस विचारत बसते म्हणून मला लोक हसायचे. बाई गप्पा मारते म्हणायचे. नोंदवहीत माझे पेशंट नेहमी कमी, त्यावरून वरिष्ठांनी दोनदा लेखी विचारलं. बढतीही उशिराच झाली. त्याचं काही नाही. म्हणजे आहे, पण ते जाऊ दे. माझ्याकडे आलेल्या बायका पुन्हा यायच्या, एवढं मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

हो, माझीही चूक झालीय. एक मुलगी, पाचव्या म्हणजे हालचालींच्या सगळ्यात गंभीर पातळीची, मान धरत नव्हती. मी तिच्या भरवण्यावर एवढा जीव लावला की खुब्याचा एक्स-रे काढायचा राहून गेला. तिचा उजवा खुबा निखळत चालला होता आणि लंगोट बदलताना ती का रडते ते कळायला मला वर्ष लागलं. या पातळीच्या मुलांत खुबा सरकणं हाच नियम आहे, हे पुस्तकात वाचलेलं असूनही. तेव्हा नीट ऐक. एक गोष्ट आईसाठी. तुझ्या डोक्यात बाराच्या बारा हव्यातच, एक्स-रेच्या तारखेसकट. त्यातली कुठलीही तिच्या गळ्यात मारायची नाही, एवढंच.

'सहकार्य करत नाहीत' हे वाक्य तू कुठे लिहीत असशील तर मला सांगू नकोस, राग येईल.

आता कामाचं. टोळ्या हलायच्या आधी, दसऱ्यालाच यादी कर. कोण कुठल्या कारखान्याला, कधी जाणार, कधी परतणार. हाड वाढतं आणि ताठर स्नायू त्याच्या मागे पडतो, हे तुला शिकवायला नको. म्हणून जाण्याआधी प्रत्येकाची स्प्लिंट, पाय सरळ धरणारा तो साचा, पायात घालून बघ, अंगठा पुढे आलाय का, टाचेला लाल होतं का. पट्ट्या नव्या लाव, फडातल्या मातीने वेल्क्रो महिन्याभरात धरेनासं होतं. दोन जादा पट्ट्या पिशवीत घालून दे. ज्यांचा दाखला 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचा आहे त्यांना एसटीची सवलत माहीत आहे का ते विचार, मधे एक फेरी तरी होईल. आणि फोन नंबर बाईचा घे, नवऱ्याचा नको. नवऱ्याचा सहसा मुकादमाकडेच लागतो.

पुण्याबद्दल मी काहीच बोलले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथल्या आयांकडेही बारांना वेळ नसतो, एवढं सांगते. पगार किती देतायत, तेवढं कळव.

तुझी,
मॅडम