मुलाला मशीनवर पाठवायचं की नाही?

ताई, नमस्कार.

इतर पालकांच्याही लक्षात यावं म्हणून तुमच्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा १९ वर्षांचा, टर्नरचा (लेथ चालवणाऱ्या कारागिराचा) अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झालेला. एका कारखान्यातून शिकाऊ म्हणून बोलावणं आलंय. काम लेथवरचं, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवरचं, पण सुरुवातीला प्रेस शॉपमध्येही, म्हणजे दाब देऊन पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनांच्या विभागातही उभं राहावं लागेल असं सांगितलंय. त्याच्याच वर्गातल्या एका मुलाचं बोट प्रेसमध्ये गेलं, आणि तेव्हापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही. "हे सोडून ऑफिसचं काम बघ" असं त्याला सांगावं का, हा तुमचा प्रश्न. मुलाचं म्हणणं, "आई, मला येतं सगळं."

माझं स्पष्ट मत सांगते. ट्रेड सोडायला लावू नका. कारखाना मात्र पारखून घ्या, आणि पहिला महिना डोळ्यांत तेल घालून सांभाळा.

तुमची भीती खोटी नाही. जीवघेण्या नसलेल्या दुखापतींचं प्रमाण तरुण कामगारांमध्ये मोठ्यांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त असतं, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सांगते. पण ते सगळं वयाच्या माथी मारून चालणार नाही. कॅनडातल्या 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संस्थेच्या अभ्यासात असं दिसलं, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात काम बुडेल एवढी इजा होण्याचा धोका वर्षभर मुरलेल्या कामगाराच्या जवळपास तिप्पट असतो. नवा माणूस चाळिशीचा असला तरी हे लागू पडतं. म्हणजे घात करतो तो नवखेपणा.

तुमचा मुलगा लेथ शिकलाय, आणि चांगला शिकला असेल. त्या कारखान्यातलं ते विशिष्ट मशीन मात्र त्याला माहीत नाही: त्याचा ब्रेक किती वेळाने लागतो, कुठलं बटण अडकतं, कुठला गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षक झाकण) काढून ठेवलाय. त्यात नव्या मुलाला एका जागी ठेवत नाहीत. कोणी रजेवर गेलं की, "जरा तिकडे उभा राहा." अडकलेला जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) काढणं, मशीन पुसणं, माल चढवणं ही फुटकळ कामं त्याच्याच वाट्याला येतात, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात नसतात. विचारलं तर आपण अडाणी ठरू, म्हणून तो विचारतही नाही.

प्रेसवर बोट कसं जातं ते नीट समजून घ्या, म्हणजे कारखान्यात काय बघायचं ते कळेल. पत्रा डायमध्ये (साच्यात) ठेवायचा, पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. शेकडो वेळा हेच केल्यावर हात आणि पाय एका तालात चालू लागतात. मग एखादा तुकडा डायमध्ये चिकटतो. हात तो काढायला आत जातो, आणि पाय सवयीने पेडलवर पडतो. जुन्या पद्धतीच्या क्लचच्या प्रेसमध्ये एकदा सुटलेला स्ट्रोक (वरच्या भागाचा खाली येणारा ठोका) मध्येच थांबवता येत नाही. म्हणून चांगल्या प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटत नाही, आणि दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये हात नसतो. उत्पादन वाढवायला नेमकी इथेच पळवाट काढतात: एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं किंवा त्यात पत्र्याची पाचर ठोकायची. एका बटणावर चिकटपट्टी दिसली तर त्या प्रेस शॉपमध्ये मुलाला पाठवू नका. पेडलचा प्रेस असेल तर पेडलवर झाकण हवं, नाहीतर वरून पडलेल्या जॉबनेही स्ट्रोक सुटतो. शिवाय डायसमोर हात आत जाणार नाही असा गार्ड हवा. तुकडा चिमट्याने किंवा चुंबकाच्या दांडीने काढायचा. डाय बदलताना वीज बंद करून भागत नाही, कारण फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) त्यानंतरही बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्यायचं, मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना ते बघायचं, वरच्या आणि खालच्या भागांच्या मध्ये आधाराचा ठोकळा ठेवायचा आणि मगच हात घालायचा.

लेथचा धोका वेगळा आहे, आणि इथे आईच्या काळजीने उलटा परिणाम व्हायला नको. लेथवर हातमोजे घाल असा आग्रह धरू नका. फिरत्या चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) मोज्याचं टोक अडकलं की पाठोपाठ हात ओढला जातो. सैल बाही, गळ्यातली साखळी, अंगठी, मनगटातला दोरा, सगळं काढून जायचं. चकची चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते, म्हणून हातातून सोडायची ती फक्त तिच्या जागेवर. चिप्स (कापताना निघणारे धातूचे तुकडे) हुकने किंवा ब्रशने काढायच्या, हाताने कधीच नाही. पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून फिरत्या जॉबवर धरायचा नाही. एक गोष्ट बरेचजण विसरतात: लांब बार (धातूची दांडी) हेडस्टॉकच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीच्या मागून आधाराशिवाय बाहेर आलेला असेल, तर वेग वाढताच तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा मार बसतो.

रुजू होण्याआधी मुलाने सुपरवायझरला हे विचारावं: पहिला महिना माझ्यासोबत कोण असेल, मी कुठल्या मशीनला हात लावायचा नाही, गार्ड निघालेला दिसला तर कोणाला सांगायचं, आणि किरकोळ जखमेचीही नोंद होते का? पहिल्या प्रश्नाला नाव सांगून उत्तर मिळालं तर चांगलं लक्षण. "सगळे आहेत की" म्हणजे कोणीच नाही. शॉपमधून एक चक्कर मारू द्या अशी विनंतीही करावी. कोपऱ्यात गार्डांचा ढीग पडलाय का, इमर्जन्सी स्टॉपच्या बटणासमोर माल रचलाय का, हे दोन मिनिटांत दिसतं.

नाही म्हणायची वेळ आली तर शब्द तयार असलेले बरे, कारण त्या क्षणी सुचत नाहीत. "सर, हे मशीन मला कोणी दाखवलेलं नाही. एकदा दाखवा, मग तुमच्यासमोर करून दाखवतो." यात उद्धटपणा काहीच नाही. गंभीर आणि तत्काळ धोका आहे असं वाटण्यामागे रास्त कारण असेल आणि त्यामुळे कामगार बाजूला झाला, तर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार म्हणतो.

धाकट्या, १६ वर्षांच्या मुलाला सुट्टीत त्याच कारखान्यात पाठवायचा विचार तुम्ही लिहिलाय. तो सोडा. धोक्याच्या कामाला किमान वय १८, असा सर्वसाधारण नियम त्याच संघटनेच्या १९७३ च्या कराराने घालून दिलाय, आणि प्रेस शॉप हे धोक्याचंच काम आहे.

वाईटातलं वाईट घडलं तर काय करायचं, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तो भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि जोडणं अवघड होतं. डोळ्यात रसायन गेलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा, दवाखाना त्यानंतर.

आता घरचं. "सांभाळून कर हं" हे तो ऐकून सोडून देईल. त्यापेक्षा रोज विचारा, "आज कुठलं नवीन मशीन हाताळलंस? कोणी दाखवलं?" सलग दोन-तीन दिवस "कोणी नाही, मीच बघितलं" असं उत्तर आलं, तर सुपरवायझरशी बोलायची वेळ झाली असं समजा. तो आधी बोलू दे. त्याने काही झालं नाही तर तुम्ही बोला.

कानांकडे तेवढं लक्ष ठेवा, कारण ही इजा दुखत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की ती वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २. प्रेस शॉपमधला आवाज यापेक्षा बराच मोठा असू शकतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात प्लग हवेच. फोमचा प्लग आधी बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुलेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला प्लग जवळपास निरुपयोगी असतो. शिफ्टवरून आल्यावर त्याच्या कानात गुंई आवाज येत असेल किंवा तो टीव्ही नेहमीपेक्षा मोठा लावू लागला असेल, तर थांबू नका, श्रवणचाचणी करून घ्या. शक्य असेल तर एक चाचणी रुजू होण्याआधीच करून ठेवा. पुढे काही कमी-जास्त झालं तर तुलनेला आधार राहील.