भाकरीपुढून सरकलेलं लिंबू आणि अकरावीचा अर्ज

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. मुलीला दहावीला ९१ टक्के पडले. नीटसाठी तिला लातूरला ठेवायचं ठरलं होतं, पैशांची जुळवाजुळवही केली. आता ती म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायचेत. कुठल्याशा लाल बटू ताऱ्याभोवती गुरूएवढा तापलेला ग्रह सापडलाय आणि तो तिथं असायलाच नको होता, हे रोज जेवताना ऐकवते. भावकी म्हणते, याला नोकरी कोण देणार? तिला जरा समजावून सांगाल का?

उत्तर : नमस्कार. तिला काय समजवायचं ते नंतर बघू. आधी तिचा ग्रह तुम्हाला सांगतो, कारण तो तुमच्या कामापासून वाटतो तितका लांब नाही.

ती बहुधा टीओआय-५२०५ बी या ग्रहाबद्दल बोलत असावी. २०१८ साली अवकाशात गेलेल्या टेस दुर्बिणीच्या नोंदींत तो सापडला आणि शुभम कनोडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये त्याचा शोधनिबंध छापला. ग्रह आपल्या गुरूएवढा, बहुतांशी वायूचा गोळा. तारा मात्र लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड, सूर्याच्या चाळीस टक्के वस्तुमानाचा. ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याचं वर्ष ३९ तासांत संपतं.

घरात एक भाकरी घ्या आणि तिच्यापुढून लिंबू सरकवा. भाकरी म्हणजे तो तारा, लिंबू म्हणजे तो ग्रह. लिंबू आडवं आलं की ताऱ्याचा सुमारे ७ टक्के प्रकाश अडतो. आपला गुरू सूर्यापुढून जाताना कुणी लांबून पाहिला, तर जेमतेम १ टक्का अडलेला दिसेल. भाकरीपुढं बोर धरल्यासारखं. पृथ्वी तर मोहरीचा दाणा. म्हणून ७ टक्के ही मोठी गोष्ट आहे.

आता "असायलाच नको होता" म्हणजे काय? तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. गुरूसारखा ग्रह व्हायचा तर त्या धुळीतून आधी पृथ्वीच्या दहापट वजनाचा घट्ट गाभा जमावा लागतो, मग तो वायू ओढून घेतो. हे सगळं काही दशलक्ष वर्षांत उरकावं लागतं, कारण तेवढ्यात वायू उडून जातो. लहान ताऱ्याची तबकडीही लहान. तिच्यात एवढा माल आला कुठून? आकाशगंगेतले जवळपास तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत, त्यामुळे हा प्रश्न एका विचित्र ग्रहापुरता राहत नाही. उत्तर अजून नीट लागलेलं नाही. तुमच्या मुलीनं नेमका न सुटलेला प्रश्न उचललाय, आणि मला तिचं हेच फार आवडलं.

आता तुमच्या कामाकडे येतो. टॉवेलात ठरावीक अंतरावर तोच दोष पुन्हापुन्हा दिसला, की तुम्ही ते अंतर मोजता आणि कुठला रोलर खराब आहे ते सांगता. रोलर उघडून बघायची गरज पडत नाही. ग्रह शोधणारे लोकही तेच करतात. त्यांना ग्रह दिसत नाही. ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख दिसतो आणि त्यात ठरावीक वेळानं पडणारा खड्डा. टेस आकाशाच्या एका पट्ट्याकडे सुमारे २७ दिवस टक लावून बघते. तेवढ्यात या ग्रहाचे सोळाएक खड्डे पडतात. पण लाल बटू ताऱ्यांवर डागही असतात, आणि डागामुळेही प्रकाश कमी होतो. कुठली घट ग्रहाची, कुठली डागाची, हे निवडत महिनोन् महिने जातात. रोजचं काम हे आहे. दुर्बिणीला डोळा लावून बसणं त्यात जवळजवळ नसतंच.

म्हणून मुलीची परीक्षा घ्यायचीच असेल तर मार्कांची घेऊ नका, ही घ्या. टेसच्या नोंदी सगळ्यांना फुकट खुल्या आहेत. पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातलं लाइटकर्व्ह हे मोफत साधन वापरून तिनं या ताऱ्याचा आलेख स्वतः काढावा. घरी लॅपटॉप नसेल तर सुट्टीत कॉलेजच्या लॅबमध्ये बसू द्या. चार-सहा आठवडे चुका काढत, पुन्हा करत ती टिकली, तर ओढ खरी. कंटाळली, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, कारण खोटा दिलासा तुम्हाला महागात पडेल. निव्वळ खगोलशास्त्रातल्या कायम जागा देशात थोड्या आहेत. बारावीनंतर पाच वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा. हाताशी काही स्थिर यायला तिला अठ्ठाविसावं-एकोणतिसावं लागेल. पण पीएचडी पदरचे पैसे मोडून करायची नसते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर सध्या सुरुवातीला महिना ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं. आणि वाटेत बाहेर पडावं लागलं तरी गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग हाताशी असतं. त्यावर बँका, सॉफ्टवेअर, हवामान अशी कामं मिळतात. शिकवणं तर आहेच.

वाट अशी. बारावीनंतर आयएटी ही परीक्षा देऊन पुण्याची आयसर, किंवा नेस्ट ही परीक्षा देऊन भुवनेश्वरची नायसर; दोन्ही विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था. दोन्ही जमलं नाही तर सोलापुरातच चांगल्या कॉलेजात भौतिकशास्त्रात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. ही दुसरी वाट कमी प्रतीची समजू नका. तिथून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत पीएचडीसाठी अर्ज करता येतो. जयंत नारळीकरांनी उभारलेली ती संस्था आपल्यापासून गाडीनं चार-पाच तासांवर आहे.

लातूरबद्दल. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी घरच्यांच्या शब्दाखातर नीटचं आणखी एक वर्ष कर म्हणालो. ते वर्ष गेलं, तो खचला आणि शेवटी भौतिकशास्त्राकडेच आला. सल्ला माझा होता आणि तो चुकला. तेव्हापासून मी मन नसलेल्या मुलाला नीटकडे पाठवत नाही.

तुमच्यापुढं मात्र आज एवढं टोकाचं ठरवायची वेळ नाही. अकरावीच्या अर्जात गणितासोबत जीवशास्त्रही ठेवा. आयएटीला जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, आणि तिचं मन पालटलं तर नीटचं दारही उघडं राहतं. कॉलेज सोलापुरातलंच घ्या. लातूरसाठी जमवलेली रक्कम मोडू नका, ती पुढे वसतिगृहाला लागेल. अकरावीतच नोव्हेंबरमध्ये होणारी राष्ट्रीय खगोलशास्त्र परीक्षा, एनएसईए, तिला द्यायला लावा. निकाल काहीही लागो, पेपर कसा असतो ते कळेल.

आणि तिनं तो आलेख काढला, की कारखान्यातली पाळी संपवून आलात की तिच्याशेजारी बसा. दोन खड्ड्यांमधलं अंतर तुम्ही मोजा. ३९ तास येतात का, ते मला कळवा.