व्यावसायिक पोकर खेळाडूचे आयुष्य कसे असते? अभियंत्याची नोकरी सोडून यात उतरावे का, आणि घरच्यांना कसे पटवावे?

मी स्वतः खेळाडू नाही. माझे यजमान कित्येक वर्षे पोकरच्या उत्पन्नावर आमचे घर चालवत आले आहेत आणि त्या उत्पन्नाची वही मी ठेवत आले आहे. पेशाने मी हिशेबनीस आहे. त्यामुळे पत्ते कसे खेळावेत हे मला विचारू नका, पण या धंद्यात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे मी बहुतेक खेळाडूंपेक्षा जवळून पाहिले आहे.

दिनक्रम सांगते, कारण त्याविषयी लोकांच्या कल्पना चित्रपटांतून आलेल्या असतात. ऑनलाइन स्पर्धा संध्याकाळी सुरू होत आणि पहाटे दूधवाला येईपर्यंत चालत. सर्वांत मोठ्या स्पर्धा रविवारी असत, त्यामुळे लग्नकार्ये, बारशी आणि नातेवाइकांच्या रविवारच्या पंगती यांना मी एकटीच जात असे. दुपारी उठल्यावर आदल्या रात्रीचे डाव पुन्हा काढून तपासायचे, संगणकावर त्यांचे गणित मांडायचे, आणि आपण कुठे घाई केली हे शोधायचे. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांवर स्पर्धांची मालिका असली की आठवडाभर पणजीत मुक्काम असे, आणि तिथेही ते टेबलावरून उठून थेट खोलीवर झोपायला जात. हे काम एकसुरी आहे. ज्याला एकसुरीपणा सोसत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

आता मुद्द्याचे. स्पर्धा खेळणारा उत्तम खेळाडूदेखील बहुतेक स्पर्धांत पैसे गमावतो. उतरलेल्यांपैकी साधारण 12 ते 15 टक्के लोकांनाच बक्षीस मिळते आणि खरी रक्कम शेवटच्या काही जणांतच वाटली जाते. एक्क्यांची जोडी हाती असताना समोरच्याने राजांच्या जोडीवर सर्व चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) लावल्या, तर याहून चांगली परिस्थिती खेळाडूला मागूनही मिळायची नाही. तरीही शंभरांतून सुमारे अठरा वेळा एक्केवालाच हरतो. पणजीत एका स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात एक्के यजमानांच्या हाती असताना माझ्यासमोर हेच घडले, टेबलावर उघडलेल्या शेवटच्या पानावर राजा आला आणि समोरच्याचे तीन राजे झाले. यजमान उठले, समोरच्याशी हात मिळवला आणि खोलीवर येऊन वहीत नोंद केली. आमच्या वहीत तारीख, स्पर्धा, प्रवेश शुल्क, मिळालेली रक्कम आणि खेळलेले तास यांच्यापुढे शेवटचा एक रकाना आहे. त्यात हार-जीत लिहायची नाही, निर्णय बरोबर होता की नाही तेवढेच लिहायचे, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी त्यांनी ‘बरोबर’ असे लिहिले.

या वहीवरूनच आमच्या घरात मोठा वाद झाला. एका वर्षी उन्हाळ्यापासून सतत तोटा होत गेला आणि गौरी-गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा ती गोष्ट थोरल्या भाऊजींच्या कानावर गेली होती. त्यांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. जेवणे झाल्यावर सासूबाईंसमोर त्यांनी धाकट्या भावाला खडसावले, की हा नाद सोड, मुलीच्या शाळेची फी पत्त्यांवर भरायची ही आपल्या घराण्याची रीत नव्हे. यजमान गप्प राहिले, कारण थोरल्या भावाला उलट बोलण्याची त्यांना सवय नाही. मी पिशवीतून वही काढून पुढे ठेवली. घरखर्चाचे खाते वेगळे, खेळाचे खाते वेगळे. वर्षभराचा घरखर्च आणि शाळेची फी मुदत ठेवीत, तिच्यावर सही माझी. खेळाच्या खात्यात एका स्पर्धेच्या शुल्काच्या किमान शंभर पट शिल्लक, आणि ती त्याखाली उतरली की लहान शुल्काच्या स्पर्धांकडे वळायचे. त्या तोट्यातला एकही रुपया घरखर्चाच्या खात्यातून गेलेला नव्हता. भाऊजींनी पाने न उलटताच वही बाजूला सारली. तेव्हा मी त्यांना विचारले, की अवकाळी पावसाने ऐन तोडणीच्या वेळी तुमचे मणी तडकले, त्या वर्षी बाग तोडून टाका असे आम्ही कोणी म्हणालो होतो का? छाटणी वेळेवर झाली होती, औषध वेळेवर मारले होते, म्हणून आम्ही तुम्हाला चांगला बागायतदारच म्हटले. त्यांनी उत्तर दिले नाही आणि त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघालेला नाही. माझे म्हणणे आजही तेच आहे. तोटा झाला म्हणून माणूस जुगारी ठरत नाही. घरचा आणि खेळाचा पैसा एकत्र करतो तेव्हा तो जुगारी होतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील पोकर खेळाडू स्टू उंगर यांचे आहे. त्यांनी लास व्हेगासमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या जागतिक मालिकेतली मुख्य स्पर्धा 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा जिंकली. तिसऱ्या वेळी 10,000 डॉलरचे प्रवेश शुल्क भरायलाही त्यांच्यापाशी पैसे नव्हते; ते बिली बॅक्स्टर या दुसऱ्या खेळाडूने भरले आणि 10 लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा बॅक्स्टर यांच्याकडे गेला. पुढच्याच वर्षी उंगर लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलात मृतावस्थेत सापडले. पत्ते त्यांच्याइतके कोणाला कळत असतील असे मला वाटत नाही. अमली पदार्थांनी आणि घोड्यांवरच्या पैजांनी त्यांची कमाई खाल्ली, आणि तिचा हिशेब विचारणारे शेजारी कोणी नव्हते.

करिअर म्हणून विचाराल, तर भारतात आज परिस्थिती वाईट आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. आमचे मुख्य उत्पन्न त्या आठवड्यातच थांबले. त्याआधी कायद्यांत आणि न्यायालयांतही एकवाक्यता नव्हतीच: पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळले आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारच ठरवले. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी 1976 साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. म्हणजे समोरासमोर खेळायला मराठी माणसाने गोव्यासारखे दुसरे राज्य गाठायचे किंवा परदेशी जायचे. त्यात कराचा नियम असा, की जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर उपकर भरायचा, पण हरलेल्या स्पर्धांची शुल्के, प्रवास आणि मुक्काम यांची वजावट मिळत नाही. हिशेबनीस म्हणून मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण द्राक्षबागेच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि इतर कोणत्याही व्यावसायिकाला खर्च वजा करता येतो. सध्या यजमान गोव्यातल्या निवडक स्पर्धा खेळतात आणि उरलेला वेळ एका कंपनीसाठी आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करतात. ते काम त्यांना मिळाले ते वहीतल्या नोंदींवर वर्षानुवर्षे केलेल्या गणिताच्या जोरावरच, हे भाऊजींना कोणीतरी सांगायला हवे.

तुम्ही नोकरी सोडू नका, निदान आत्ता तरी नाही. घरच्यांना पटवण्याच्या भानगडीतही पडू नका. वर्षभर नोकरी सांभाळून, कायद्याने चालते तिथेच खेळा, प्रत्येक नोंद ठेवा, आणि वही दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. आई, बहीण, पत्नी, कोणीही चालेल, फक्त तिला मुदत ठेव मोडू न देण्याचा अधिकार हवा आणि तुम्हाला तो मान्य हवा. मी लिहिलेले सर्व आमच्या एका घरापुरते आहे, आणि ज्यांचे संसार यात बुडाले अशी माणसेही पणजीच्या त्याच टेबलांवर आम्ही पाहिली आहेत. तुम्ही उसने पैसे घेऊन खेळत असाल, तर यातले काहीही तुम्हाला लागू नाही. तसे असेल तर खेळणे आजच थांबवा आणि किती देणे झाले आहे तो खरा आकडा घरातल्या एका माणसाला सांगा.