‘स्कारबरो फेअर’ हे गाणं मूळ कुठलं? प्लेगच्या काळातलं आहे हे खरं का? (गिटार नुकतीच सुरू केली आहे, क्लासमध्ये हेच पहिलं गाणं दिलंय.)

गाण्यातली औषधी पानं प्लेगपासून बचावासाठीची, ही गोष्ट नेटवर सगळीकडे सापडते, पण तिला आधार नाही. पार्सली, सेज, रोझमेरी, थाइम ही औषधी पाल्यांची ओळ मुळात गाण्यात नव्हतीच, ती पुढे चिकटली. या गाण्याचं सर्वांत जुनं छापील रूप 1670 च्या सुमाराचं, स्कॉटलंडचं. त्यात ना जत्रा, ना पार्सली. डोंगरावर शिंग फुंकणारा एक मायावी सरदार आहे. तो मुलीला म्हणतो, सुई न लावता, शिवण न घालता मला सदरा करून दे. तीही काही कमी नाही. ती उलट सांगते, समुद्रकाठची माझी जमीन आधी शिंगाने नांगरून दे. अशक्य अटींची ही जुगलबंदीच गाण्याचा खरा गाभा आहे आणि मला तीच फार आवडते. अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांच्या लोकगीतसंग्रहात हे दुसऱ्या क्रमांकावर आहे.

स्कारबरो हे इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं बंदर. तिसऱ्या हेन्रीने 1253 मध्ये सनद दिली आणि तिथे 15 ऑगस्टपासून 45 दिवस जत्रा भरू लागली. जत्रा जुनी म्हणून गाणंही तेवढंच जुनं, असं मात्र धरू नका.

चाल तर आणखी अलीकडे हाती लागली. मिडलटन-इन-टीसडेल गावातल्या मार्क अँडरसन या निवृत्त शिसे-खाणकामगाराकडून ती 1947 मध्ये लोकगायक इवन मॅकॉल यांनी घेतली. इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांनी 1965 मध्ये ती गिटारवर बसवून ध्वनिमुद्रित केली, त्यांच्याकडून अमेरिकन गायक पॉल सायमन शिकले आणि 1966 पासून ती जगभर गेली. म्हणजे तुमची बोटं जी चाल शोधताहेत ती एका खाणकामगाराच्या गळ्यातून आलेली आहे. याचं श्रेय त्याला क्वचितच मिळतं, म्हणून मुद्दाम नाव लिहिलं.

वाजवताना एक जागा सांभाळा. चाल डोरियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. ‘रोझमेरी अँड थाइम’वर नी॒ प ध म प असं येतं, त्यातला धैवत शुद्धच हवा. तो कोमल लागला तर स्वर आसावरीचे होतात आणि गाणं उगाच रडवेलं वाटतं. डी मायनरमध्ये वाजवत असाल तर तो बी आहे, बी फ्लॅट नव्हे. ठेका तीन मात्रांचा, पहिलीवर हलका जोर. कार्थींचं ध्वनिमुद्रण आधी दोन-चारदा ऐका, मग गिटार हातात घ्या.