रिंगणात उपाय सुचवू नका

तुमचं पत्र थोडक्यात असं: नऊ जणांचा पर्यावरण गट. हवामानबदलाच्या बातम्यांनी तुमच्या छातीवर दडपण येतं. गेल्या बैठकीत ‘आज मनातलं बोलू’ असं ठरलं, पण अर्ध्या तासात आकडेवारीवरून वाद पेटला. एकीला रडू फुटलं, तिला तिघांनी तीन उपाय सुचवले आणि त्यानंतर ती आलीच नाही. आता कुणीतरी ‘शरीराकडे लक्ष देत बोलण्याचं’ रिंगण करू या म्हणतंय, तर दुसरा त्याला रडारड म्हणतोय. करावं का?

करा. मागची बैठक फसली ती भावना निघाल्या म्हणून नव्हे. ऐकायचं कसं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार जणांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. हवामानबदलाविषयी इतरांशी बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं की त्यांचं बोलणं दुर्लक्षिलं किंवा उडवून लावलं गेलं. तुमच्या मैत्रिणीला सल्ले मिळाले, पण ऐकून कुणीच घेतलं नाही.

दीड तास राखून ठेवा. मध्ये टेबल नको, नाहीतर लगेच मीटिंग होते. संचालन एकाकडे आणि घड्याळ दुसऱ्याकडे द्या, कारण एकच माणूस दोन्ही करू लागला की ऐकण्यातून त्याचं लक्ष उडतं. सुरुवातीलाच सांगा: इथलं इथेच राहील, ‘मी पास’ म्हणायला कारण लागत नाही, आणि विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही. पाठीवरून मायेने फिरवलेल्या हातानेही बोलणारा मध्येच थांबतो.

पहिली दहा मिनिटं शब्दांविना. तळपाय जमिनीवर टेकवा, खोलीभर नजर फिरवा. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं आठ-दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा. डोळे मिटण्याची सक्ती करू नका. काहींची घालमेल डोळे मिटले की वाढते, काहींची तर श्वासाकडे लक्ष दिल्यानेच. त्यांनी तळहात मांड्यांवर दाबून तो दाब जाणवून घ्यावा. जोरजोरात, भराभर श्वास घेण्याचे प्रकार तर अजिबात नकोत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि माणसाला वाटतं की भावनाच अनावर झाल्या.

मग जोड्या. नववा माणूस उरेल, तेव्हा एक गट तिघांचा करा. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, ऐकणाऱ्याने ‘हो ना’सुद्धा म्हणायचं नाही. वाक्याची सुरुवात ठरवून द्या: ‘ही बातमी वाचली की माझ्या अंगात...’ पुढे ‘घसा आवळतो’, ‘पोटात गोळा येतो’ असं काहीतरी यायला हवं. ‘सरकारं झोपली आहेत’ आलं, तर हळूच विचारा, ‘हे म्हणताना शरीरात कुठे काय होतंय?’ खरी किल्ली इथेच आहे. आकडेवारीवर वाद घालता येतो. आवळलेल्या घशावर काय वाद घालणार?

त्यानंतर मोठं रिंगण. अमेरिकी पर्यावरण कार्यकर्त्या आणि बौद्ध विचाराच्या अभ्यासक जोआना मेसी यांच्या ‘सत्य मंडला’ची पद्धत इथे उपयोगी पडते. जागेचे चार भाग करून चार वस्तू मांडायच्या: दगड भीतीचा, वाळकी पानं दुःखाची, काठी संतापाची, रिकामं भांडं पोकळीचं. ज्याला वाटेल त्याने पुढे यावं, वस्तू हातात घ्यावी, बोलावं किंवा नुसतं उभं राहावं. दगड घट्ट धरला की भीतीविषयी बोलणं सोपं जाऊ शकतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. शेवटी सगळ्यांनी एवढंच म्हणायचं: ‘ऐकलं आम्ही.’ एकाचं बोलणं संपून दुसरा पुढे येईपर्यंतची शांतता भरून काढायची घाई नको. संचालन करणाऱ्याला ती असते त्यापेक्षा लांब वाटते.

काठी नुसती धरायची, आपटायची नाही. संताप चढला तर भिंतीला दोन्ही तळहात लावून दहा सेकंद रेटा, सोडा, असं तीनदा करा. कुणी रडलं तर रडू द्या. रुमाल मध्यभागी ठेवलेले असावेत. हातात आणून दिला की ‘आता पूस आणि थांब’ असाच अर्थ पोहोचतो. आणि ज्याला काहीच जाणवत नाही, त्याला नापास झाल्यासारखं वाटू देऊ नका. रिकामं भांडं त्याच्यासाठीच आहे.

शेवटची पंधरा मिनिटं कापू नका. वेळ संपत आला की नेमकी तीच कापली जातात आणि लोक उघड्या जखमेनिशी घरी जातात. उभं राहून हातपाय झटका, पाणी प्या, समोरच्या तीन वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, मग आज रात्री काय करणार ते एकेका वाक्यात सांगा. ‘जेवून झोपणार’ पुरेसं आहे.

रडारड म्हणणाऱ्या मित्राचं एक म्हणणं बरोबर आहे: याने कार्बन उत्सर्जन कमी होत नाही. म्हणून कामाची बैठक वेगळ्या दिवशी ठेवा आणि रिंगणात ‘मग आपण काय करायचं?’ हा प्रश्न निघाला तर त्या दिवसावर ढकला. मित्राला रिंगणात यायचा आग्रह करू नका, घड्याळ सांभाळायला मात्र बोलवा. निघून गेलेल्या मैत्रिणीला ‘परत ये’ म्हणण्याआधी नवे नियम कळवा.

आणि तुमची झोप दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर रिंगणाची वाट बघू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आजच.