सहा आठवडे चिनी शिकायला जायचंय, शहर कुठलं घेऊ?

प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगी सोलापूरची, बीकॉम दुसऱ्या वर्षाला, घरचा टॉवेलचा कारखाना. वर्षभर ऑनलाइन चिनी शिकतीय, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची दुसरी लेव्हल पास झालीय आणि आता उन्हाळ्यात सहा आठवडे बाहेर जाऊन शिकायचंय. तिला स्वतःला शांघाय पाहिजे, मामा म्हणतो सिंगापूर, तिथं सेफ असतं, एजंट म्हणतोय ग्वांगझू, कारण बाबा नाहीतरी तिथल्या कँटन फेअरला, म्हणजे व्यापारी मेळ्याला, जातातच. आणि शेवटी लिहिलंय, "सर, गोल गोल नको, एकच नाव सांगा."

बरं, एकच नाव. हार्बिन.

आता नकाशा उघडून किती लांब आहे ते बघून घे आणि मग पुढचं वाच.

तू लिहिलंयस की घरात तेलुगू बोलता आणि दुकानात मराठी, म्हणून तुला हे पटकन कळेल. समज एखादा जपानी पोरगा मराठी शिकायला सोलापुरात आला आणि आपल्या पूर्व भागात खोली घेऊन राहिला. त्याच्याशी सगळे मराठीच बोलतील की, चांगले बोलतील. पण कट्ट्यावर आपापसात बोलणं, पोरांना ओरडणं, मागावरच्या माणसाशी हिशोब, हे सगळं तेलुगूत. म्हणजे क्लासचे चार तास मराठी आणि बाहेर कानावर पडतंय ते वेगळंच. ग्वांगझूचं तसंय. तुला मँडरिनमध्ये, म्हणजे तू शिकतीयस त्या प्रमाण चिनीत, उत्तर मिळेल, पण शेजारच्या टेबलावर कँटोनीज ही तिथली बोली चालू असणार आणि ती तुला एक अक्षर कळणार नाही. सहा आठवड्यांत भाषा वाढते ती निम्मी अशीच, दुसऱ्यांचं बोलणं ऐकून, बसमध्ये, भाजीवाल्याकडं. बाबांना फेअर बरी पडते म्हणून तुला क्लास बरा पडेल असं नाही.

हार्बिनला, म्हणजे चीनच्या ईशान्येला, बोलीच प्रमाण मँडरिनच्या बरीच जवळ आहे. थोडा गावरान ठसका असतोय, पण बाजारात दोन बायका भांडत असल्या तरी ते भांडण तुझ्या पुस्तकातल्याच भाषेत चाललेलं असतं, अन् भांडण समजायला लागलं की भाषा आली म्हणायची. शिवाय तिथं इंग्रजीवर भागत नाही, हा तोटा नाही, फायदा आहे. मामाला सांग, सिंगापूर सेफ आहेच, पण तू अडखळलीस की समोरचा लगेच इंग्रजीत येतो आणि तू पण सुटकेचा श्वास टाकून इंग्रजीतच जाशील.

शांघायबद्दल माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पोराला मी हौसेनं तिकडं पाठवला, हॉस्टेल सगळं परदेशी विद्यार्थ्यांचं, दोन महिन्यांनी पोरगं परत आलं ते इंग्रजी झकास करून. खर्चही अंगावर आला. शहर सुंदर आहे, बघायला जा, शेवटचे तीन दिवस ठेव.

बीजिंग माझा दुसरा नंबर. परदेशी मुलांना भाषा शिकवायलाच काढलेलं बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी तिथं आहे, वर्ग भरपूर. शब्दाच्या शेपटाला "अर्र" लावायची तिथली सवय आहे, पहिला आठवडा डोकं फिरेल, मग मजा येते. फक्त जुलैचा उकाडा दमट असतो, आपल्या मे महिन्यासारखा कोरडा नाही. हार्बिनचा उन्हाळा त्या मानानं निवांत, थंडीतच ते शहर जीव घेतं. बीजिंगहून फास्ट ट्रेननं पाचेक तास.

तैपेईचं तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सांगेलच म्हणून. तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन सेंटर 1956 पासून चालू आहे, शिकवणं उत्तम, तैवान सरकारची ह्वायू स्कॉलरशिप पण असते. पण तिथं लिपी पारंपरिक, जुनी, जास्त रेघांची. बाबांच्या चिनी मशीनवाल्यांचे मेसेज येतात सोप्या केलेल्या लिपीत. तुला साहित्य वाचायचं असतं तर मी तैपेईच म्हणलो असतो, तुला रेपियर लूमचं, म्हणजे कारखान्यातल्या मागाचं, कोटेशन वाचायचंय.

आणि धंद्याचंच बोलायचं तर सुरांवर आत्तापासून मेहनत घे. चिनीत "माय" तिसऱ्या सुरात, म्हणजे आवाज खाली नेऊन, म्हणलं तर विकत घेणं, आणि चौथ्या सुरात, वरून खाली आपटून, म्हणलं तर विकणं. लूम घ्यायला गेलीस आणि विकून आलीस असं नको.

आता खरी अडचण, जी एजंट सांगत नाही. आपला उन्हाळा एप्रिल-मे, आणि तिकडचे उन्हाळी वर्ग बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, कारण त्यांचं सेमिस्टरच जूनअखेरीच्या आसपास संपतं. म्हणजे तुझं तिसरं वर्ष सुरू झालेलं असणार. तिकिटाच्या आधी प्राचार्यांना भेटून हजेरीचं विचार, लेखी घे. जमत नसेल तर डिग्री झाल्यावर जा, तोपर्यंत तिसरी लेव्हल कर, जास्त उपयोग होईल.

व्हिसा 180 दिवसांच्या आतल्या शिक्षणासाठी एक्स-टू लागतो आणि त्याला विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं. "टुरिस्टवर जा, तिथं कोण बघतंय" असं एजंट म्हणला तर तिथूनच उठून ये.

तिथून घरी फोन कसा लागणार, हे आईचं टेन्शन बरोबर आहे. तिथं व्हॉट्सॅप, गुगल, इन्स्टा चालत नाही, आणि त्यांचं वीचॅट हे मेसेजचं अॅप आपल्याकडं 2020 पासून बंद. सोपा मार्ग म्हणजे आपलंच सिम इंटरनॅशनल रोमिंगवर ठेवायचं, त्याचा डेटा साधारणपणे इथल्या कंपनीतून फिरून येतो म्हणून व्हॉट्सॅप चालतं. महाग पडतं, तेव्हा रोजचा व्हिडिओ कॉल दहा मिनिटांचा. पैशासाठी अलीपे या तिकडच्या पेमेंट अॅपला इंटरनॅशनल कार्ड जोडून जा, यूपीआयच्या भरवशावर राहू नको.

एक काम माझं पण कर. बीजिंगहून दक्षिणेला श्जियाझ्वांगला ट्रेननं तासा-दीड तासात पोचतेस, आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी तिथं आहे. ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला 1938 ला चीनला गेले आणि 1942 ला तिथंच वारले. तिथल्या माणसाला चिनीतून सांग मी त्यांच्या गावची, आणि काय म्हणाला ते मला कळव.

जेवणाचं म्हणशील तर हार्बिनकडं "दी सान श्यान" मागायचं, बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची. शाकाहारी आहेस तर "वो च्र सू", म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ कर, आणि तरी ऑर्डर देताना मटणाचा रस्सा नको ते वेगळं सांग. शेंगाचटणी दोन किलो नको, अर्धा किलो पुरते.