आधी बोट घाल

पोरी,

काल रात्री अकराला तू पाठवलेले नऊ फोटो सकाळी चष्मा लावून नीट पाहिले. वांगं पिवळं, टोमॅटोची फुलं गळालेली, मिरचीनं मान टाकलेली. खाली तुझे प्रश्न: युरिया कमी पडला का, केळीच्या सालीचं पाणी देऊ का, फवारणी कशाची करू? मी फोनवर एवढंच विचारलं की मातीत बोट घातलंस का. तू म्हणालीस, "आबा, वरून तर कोरडीच दिसते." तिथंच माझं डोकं फिरलं आणि मी फोन ठेवला. राग मानू नकोस, म्हणून तर लिहायला बसलो.

वरून कोरडी दिसणं ही काळ्या मातीची खोडच आहे. आपल्या गिरणाकाठची माती तू गोण्या भरून धुळ्याला गच्चीवर नेलीस. त्यात वाळू नाही आणि शेणखत ओंजळभर. ही माती भिजली की फुगते, सुकली की तडकते. वर भेगा दिसतात आणि चार बोटं खाली चिखल असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात ती मिळत नाही, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. मग झाड तहानेल्यासारखं मान टाकतं, आणि तू मायेनं आणखी एक तांब्या ओततेस.

मे महिन्यात, 44 अंशांत, दुपारी दोनला वांग्याचं पान लोंबणारच. तू नाही का लोंबत? संध्याकाळी सातला परत बघ. पान उभं राहिलं असेल तर त्याला काही झालेलं नाही. सकाळीही लोंबलेलंच असेल तर बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. गार आणि चिकट लागलं तर पाणी नाही. कोरडं लागलं तर कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत दे आणि परत बोट कोरडं येईपर्यंत हात लावू नकोस. टोमॅटोची फुलं उन्हानं गळतात, त्यावर खताची मात्रा चालत नाही. या दिवसांत टोमॅटो लावायला तुला कोणी सांगितलं होतं?

आता माझी गोष्ट ऐक. आमच्या मागच्या भिंतीशी मायनं लावलेलं लिंबू होतं. ती असेपर्यंत मी त्याच्याकडे फिरकलो नाही. हौसेनं कधी बादली घेऊन गेलोच तर ती ओरडायची, "कसाले पानी टाकस रे?" ती गेली आणि मला सुचेना काय करावं, म्हणून रोज दोन बादल्या त्याच्या बुंध्याशी ओतायला लागलो. आळंसुद्धा खोडाला चिकटून केलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात खोडाला खालून डिंक आला. शेजारी म्हणाले डिंक्या आहे, मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप लाव, आळं लांब सरकव. तेही केलं, पण उशीर झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळलं. दोन वर्षांत एकदाही मी त्या मातीत बोट घातलं नव्हतं.

तेव्हापासून बोट घातल्याशिवाय मी पाणी देत नाही, म्हणून घरात मला हट्टी म्हणतात. मुलानं पुण्याहून ठिबकचा टायमर पाठवला, तो खोक्यातच आहे. मी ठिबकच्या विरोधात नाही. केळीला ठिबक आलं नसतं तर आपल्याकडच्या विहिरी कधीच आटल्या असत्या. पण ते एकराचं काम झालं. बारा कुंड्यांना घड्याळ लावायचं म्हणजे माणसानं कुंडीकडे बघणं बंद करायचं. तो म्हणतो मी जुनाट आहे. असेन.

तुझ्या कुंड्या आता अशा सुधार. सगळी माती उपस. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू. कुंडीची भोकं चिखलानं बुजली असतील, ती मोकळी कर, वर खापराचा तुकडा ठेव. खालच्या ताटल्या काढून टाक. दुपारच्या उन्हाला 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांध. वर भुईमुगाची टरफलं नाहीतर उसाचं पाचट पसर, म्हणजे ओल टिकेल. पण आच्छादन टाकलं की वरून काहीच कळत नाही, तेव्हा ते बाजूला सारून बोट घाल. मेथीला वीतभर खोलीची पाटी पुरते, वांग्याला हातभर खोल डबा लागतो, रंगाची बादली चालेल.

गिलक्याला फुलं येतात पण फळ धरत नाही म्हणालीस. त्याची फुलं पहाटे उमलतात, तू उठतेस आठला. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तर सकाळी लवकर नराचं फूल तोडून मादीवर टेकव. मादीच्या फुलामागे बोटभर गिलकं दिसतंच.

मृग लागायला आठवडा आहे. भरताच्या हिरव्या वांग्याचं बी मी वाफ्यात टाकतोय. महिन्याभरात रोपं होतील, तेव्हा ये. चारच देईन, बाराही कुंड्यांत वांगी लावायची नाहीत. थंडी पडली की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजायला तुझीच वांगी आणायची. आणि येशील तेव्हा तो टायमर घेऊन जा, तुझ्या भावाच्या शेतावर उपयोगी पडेल.

आबा